नशेची जखम आणि वाढघटकाची मर्यादा



डोपामिन तयार करणाऱ्या चेतापेशी, त्यांना मारणारी नशेची द्रव्ये आणि त्या पेशींना वाचवू पाहणारी प्रथिने, अशी आज तिघांची गोष्ट सांगायची आहे. ती मी सोपी करून सांगेन, गोड करून सांगणार नाही. या प्रथिनांविषयी गेल्या तीस वर्षांत इतके गोड छापून आले आहे की त्यात माझी भर नको. मी रुग्ण तपासणारा वैद्य नव्हे, विषय शिकवणारा माणूस आहे, हेही आधीच सांगून ठेवतो. व्याख्यानानंतर कोणी खिशातून रिपोर्ट काढू नये.

सुरुवात मुंबईतून करावी लागते. डॉ. रुस्तम जाल वकील हे मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ. त्यांनी १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये एक निबंध लिहिला. सर्पगंधेच्या मुळीने वाढलेला रक्तदाब उतरतो, हे त्यांनी स्वतःच्या रुग्णांच्या नोंदींवरून दाखवले होते. आपल्याकडे ही मुळी पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होती, पण जगाचे लक्ष तिच्याकडे गेले ते या निबंधामुळे. पुढे तीनच वर्षांत स्वित्झर्लंडमधल्या सीबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रिसर्पिन वेगळे काढले आणि ते औषध म्हणून सगळीकडे गेले.

रिसर्पिन घेणारे काही रुग्ण मात्र मंदावले. अंग ताठ, चाल संथ, चेहऱ्यावर भाव उमटेना. थेट कंपवाताच्या रुग्णासारखे. स्वीडनमध्ये लुंडच्या विद्यापीठात अर्विद कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पिन दिले. ससे कान पाडून निपचित पडले. मग त्यांना डोपामिनचा कच्चा माल असलेले एल-डोपा टोचले, आणि मघाचे निपचित ससे थोड्या वेळात उठून हिंडू लागले. डोपामिन हे मेंदूतले स्वतंत्र संदेशवाहक द्रव्य आहे आणि हालचालीशी त्याचा थेट संबंध आहे, हे इथून उलगडत गेले. कार्लसनना २००० साली नोबेल मिळाले. ज्या एल-डोपावर कंपवाताचे लाखो रुग्ण आज दिवस काढतात, त्याच्या मागे अशी आपल्या सर्पगंधेची मुळी आहे.

हा इतिहास मी सांगितला तो अभिमानासाठी नाही. त्यात एक फरक दडला आहे. रिसर्पिन पेशीला मारत नाही. डोपामिन साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्या पेशीत असतात, त्या भरणारा पंप ते बंद पाडते. पेशी म्हणजे घर धरले, तर घर उभे आहे, फक्त कणगी रिकामी झाली आहे. औषध थांबले की पेशी नवे पंप घडवते आणि काही आठवड्यांत माणूस पूर्ववत होतो. इथे वाचवायला कोणी लागत नाही. वाचवण्याचा प्रश्न उभा राहतो तो घरच पडू लागते तेव्हा.

ते कसे पडते, हे जगाला कॅलिफोर्नियातल्या काही तरुणांनी दाखवले, आणि त्याची फार मोठी किंमत मोजली. १९८२ च्या उन्हाळ्यात सॅन होजेच्या सांता क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये चाळिशीतला एक माणूस आणला गेला. बोलता येत नाही, हलता येत नाही, हात उचलून ठेवला तर तसाच राहतो. मानसोपचाराचा रुग्ण म्हणून तो आला होता. न्यूरॉलॉजिस्ट विल्यम लँगस्टन यांना बोटांची किंचित हालचाल दिसली. हातात पेन्सिल दिली, तेव्हा अगदी सावकाश त्याने लिहायला सुरुवात केली. आत माणूस पूर्ण शुद्धीवर होता. त्याची मैत्रीणही त्याच अवस्थेत होती. जवळच्या वॉट्सनव्हिल गावात दोन भाऊ तसेच सापडले. हळूहळू अशा सात जणांचा शोध लागला. साठीनंतरचा म्हणून ओळखला जाणारा आजार तरण्याताठ्या माणसांना काही दिवसांत झाला होता, आणि सगळ्यांनी 'नवे हेरॉइन' म्हणून विकली जाणारी एकच पूड टोचून घेतली होती.

ते हेरॉइन नव्हतेच. आपल्याकडे शस्त्रक्रियेनंतर देतात त्या पेथिडीनचा एक चुलतभाऊ आहे, एमपीपीपी. तो १९४७ साली औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत तयार झाला, पण बाजारात कधी आला नाही. चोरून रसायने शिजवणाऱ्यांनी तो उकरून काढला. तो करताना उष्णता आणि आम्ल यांचे प्रमाण चुकले की भलताच पदार्थ तयार होतो, एमपीटीपी. हे आधीही एकदा घडले होते. मेरीलँडमधल्या बेथेस्डा इथे रसायनशास्त्राच्या २३ वर्षांच्या एका विद्यार्थ्याने १९७६ मध्ये घरीच एमपीपीपी केले, घाईत कृती बिघडवली, स्वतःला टोचले आणि तीन दिवसांत तो ताठला. दोन वर्षांनी तो वारला तेव्हा मेंदूच्या बुडाशी असलेल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या काळसर भागातल्या पेशी नष्ट झालेल्या दिसल्या. १९७९ मध्ये हे प्रसिद्ध झाले आणि फारसे कोणी ते वाचले नाही. कॅलिफोर्नियातल्या एका विषतज्ज्ञाला तो निबंध आठवला, म्हणून धागा जुळला. लँगस्टन आणि सहकाऱ्यांचा निबंध १९८३ साली 'सायन्स'मध्ये आला.

एमपीटीपी स्वतः फारसे विषारी नाही. ते चरबीत विरघळते, म्हणून रक्तातून मेंदूत सहज शिरते. तिथे चेतापेशींना आधार देणाऱ्या ताराकृती पेशींमध्ये एमएओ-बी नावाचे विकर असते. ते त्याचे रूपांतर करते आणि एमपीपी-प्लस हे खरे विष तयार होते. डोपामिन वापरून झाले की चेतापेशी ते एका वाहकातून परत आत ओढते. हे विष त्याच वाहकाला फसवते आणि आत घेतले जाते. आत गेल्यावर ते पेशीचे वीजघर, म्हणजे मायटोकॉन्ड्रिया, त्यांच्या पहिल्याच टप्प्यावर बंद पाडते. ऊर्जा संपते, पेशी मरते. दुसऱ्या पेशींकडे हा वाहक नाही, म्हणून त्या वाचतात. एमएओ-बी रोखणारी सेलेजिलिन ही गोळी प्राण्यांना आधी दिली तर विष तयारच होत नाही. एमपीपी-प्लसची घडण पॅराक्वॅट या तणनाशकाशी जुळते. पॅराक्वॅट आपल्याकडेही विकले जाते, आणि शेतावर त्याच्याशी संबंध आलेल्यांत कंपवाताचे प्रमाण जास्त असल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे. मतभेद आहेत, पण फवारताना तोंडाला रुमाल बांधणे पुरेसे नाही, एवढे तरी समजून घ्यावे.

या पेशी इतक्या नाजूक का? माणसाच्या मध्यमेंदूत त्या जेमतेम चार ते सहा लाख असतात; मेंदूतल्या एकूण चेतापेशी आठ हजार कोटींवर. पण नायग्रातल्या एकेका पेशीच्या तंतूच्या फांद्या एकापुढे एक मांडल्या तर चार मीटरच्या वर जातात आणि त्यांवर दहा लाखांहून जास्त जोडण्या असतात, असा संशोधकांचा अंदाज आहे. एवढा पसारा पोसायचा म्हणजे ऊर्जा सतत लागते. शिवाय डोपामिन हा पदार्थच पिशवीबाहेर सांडला की ऑक्सिजनशी संयोग पावून विषारी होतो.

मेथॅम्फेटामिन नेमके हे सांडणेच घडवते. जपानमध्ये नागायोशी नागाई यांनी १८९३ साली ते प्रथम तयार केले. दुसऱ्या महायुद्धात जपानी आणि जर्मन सैनिकांना ते झोप घालवण्यासाठी दिले गेले. ते वाहकातून आत शिरते, पिशव्यांमधले डोपामिन पेशीत सांडवते आणि शरीराचे तापमान वाढवते. पेशीचे मूळ शरीर बहुधा टिकते, पण तिचे तंतू जिथे पोचतात त्या स्ट्रायटम या भागातली तंतूंची टोके झडतात. सोडणाऱ्यांच्या मेंदूत डोपामिन वाहकांची घटलेली संख्या काही प्रमाणात परत वाढते, हे नोरा व्होल्कोव्ह यांच्या गटाने २००१ साली पेट चित्रणातून दाखवले. कॅलिफोर्नियातल्या रुग्णालयांच्या नोंदींवरून २०१२ मध्ये मांडलेल्या हिशेबात, अशा द्रव्यांमुळे दाखल झालेल्यांना पुढे कंपवात होण्याचा धोका सुमारे पाऊणपट जास्त निघाला.

मग मुंबई-पुण्यात ज्याचे नाव रोज छापून येते ते एमडी, म्हणजे मेफेड्रोन? उंदरांवरच्या प्रयोगांत एकट्या मेफेड्रोनने डोपामिनची टोके झडली नाहीत, असे डेट्रॉइटच्या संशोधकांना २०१२ मध्ये आढळले. हे ऐकून कोणी सुटकेचा श्वास सोडू नये. पुढच्याच वर्षी त्यांनीच दाखवले की ते मेथॅम्फेटामिनबरोबर दिले तर मेथॅम्फेटामिनची इजा वाढते. रस्त्यावरच्या पुडीत काय काय मिसळले आहे हे विकणाऱ्यालाही ठाऊक नसते. पोलिसांनी पकडलेल्या साठ्याच्या किमतीच्या बातम्या आपण आवडीने वाचतो. मेंदूचे काय होते ते कोणी छापत नाही.

आता वाचवणाऱ्यांकडे वळू. चेतापेशींना वाढवणारे, जगवणारे प्रथिन, म्हणजे वाढघटक, असते, ही कल्पना रिटा लेवी-मोन्ताल्चिनी यांची. इटलीत १९३८ च्या वंशद्वेषी कायद्यांनी ज्यू म्हणून त्यांना विद्यापीठाबाहेर काढले. त्यांनी तुरीनमध्ये स्वतःच्या निजायच्या खोलीत, कोंबडीच्या अंड्यांतल्या गर्भांवर काम चालू ठेवले. युद्धानंतर अमेरिकेत सेंट लुइसला व्हिक्टर हॅम्बर्गर यांच्याकडे त्या गेल्या, आणि उंदराच्या गाठीतून असे काही पाझरते की चेतातंतू तिच्याकडे झेपावतात, हे त्यांनी पाहिले. स्टॅन्ले कोहेन यांनी त्यातले प्रथिन ओळखले; वाटेत सापाच्या विषाचा आणि उंदराच्या लाळग्रंथींचा उपयोग झाला. दोघांना १९८६ चे नोबेल मिळाले. पण त्यांचे एनजीएफ हे प्रथिन डोपामिन पेशींसाठी कामाचे नाही. त्याची गिऱ्हाइके वेगळ्या चेतापेशी. डुकराच्या मेंदूतून १९८२ मध्ये मिळालेले बीडीएनएफ नायग्रातल्या पेशींना जगवते आणि एमपीपी-प्लसपासून वाचवते, हे १९९१ मध्ये पेशीसंवर्धनात दिसले. त्याहून जोरकस प्रथिन १९९३ मध्ये कोलोरॅडोतल्या सिनर्जेन कंपनीच्या गटाने वेगळे केले: जीडीएनएफ. ते उंदराच्या आधारपेशींच्या एका वाणातून मिळाले. ज्या गोतातल्या पेशी एमपीटीपीचे विष करतात, त्याच गोताने उताराही दिला. (निरोगी मेंदूत मात्र स्ट्रायटममधल्या काही चेतापेशीच ते जास्त तयार करतात, म्हणून या योगायोगावर फार भार टाकू नये.)

जीडीएनएफ पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका ग्राहीला चिकटते, तो ग्राही रेट नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला जागे करतो, आणि आत आत्मनाशाचा कार्यक्रम थांबवणारे संदेश सुटतात. तंतूला नव्या फांद्या फुटतात. स्ट्रायटममध्ये मिळालेले प्रथिन तंतूतून मागे, नायग्रातल्या मूळ पेशीपर्यंत नेले जाते.

१९९५ मध्ये उंदरांवर दिसले की एमपीटीपीआधी दिलेले जीडीएनएफ पेशी वाचवते. नंतर दिले तरी काही भरपाई होते. १९९६ मध्ये केंटकी विद्यापीठातल्या गटांनी दोन मोठी कामे प्रसिद्ध केली. वेन कॅस यांनी उंदरांना आधी जीडीएनएफ आणि मग मेथॅम्फेटामिन दिले. डोपामिनची टोके वाचली, सेरोटोनिनची तशी वाचली नाहीत. डॉन गॅश आणि सहकाऱ्यांनी एमपीटीपीने आधीच ताठलेल्या माकडांना ते दिले, आणि माकडांचे मंदावणे, ताठरपणा, तोल, तिन्ही सुधारले. २००० मध्ये कॉर्डॉवर यांच्या गटाने निरुपद्रवी केलेल्या विषाणूतून जीडीएनएफचे जनुक माकडांच्या मेंदूत सोडले, तेही विष दिल्यावर आठवड्याने, आणि ऱ्हास थोपवला. उलटीकडूनही पुरावा मिळाला. ज्या उंदरांत या जनुकाची एकच प्रत असते, त्यांना तरुणपणी मेथॅम्फेटामिन दिले तर पुढे त्यांचे नुकसान जास्त होते.

इतका पुरावा एका बाजूला असला की माणसावरची चाचणी यशस्वी होणार असेच कोणालाही वाटेल.

पहिला प्रयत्न फसला तो पत्त्यावरून. हे प्रथिन मोठे आहे, रक्तातून मेंदूत जात नाही. म्हणून ते मेंदूतल्या द्रवाने भरलेल्या पोकळीत सोडले. रुग्णांना मळमळ झाली, वजन घटले, हालचाल सुधारली नाही. प्रथिन पोकळीतून आतल्या पेशींपर्यंत पोचलेच नव्हते. मग ब्रिस्टलला स्टीव्हन गिल यांनी बारीक नळी थेट स्ट्रायटमच्या प्युटामेन भागात नेली. २००३ साली पाच रुग्णांचे निकाल आले: वर्षभरात, गोळ्या न घेता मोजलेल्या हालचालीत ३९ टक्के सुधारणा. पाचही जणांना ठाऊक होते की आपल्याला खरे औषध मिळते आहे. त्यापुढच्या चाचणीत ३४ रुग्ण होते आणि निम्म्यांना नुसते पाणीवजा द्रव दिले होते. सहा महिन्यांनी दोन गटांत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. काहींच्या रक्तात प्रथिनाविरुद्ध प्रतिपिंडे दिसली, माकडांवरच्या वेगळ्या प्रयोगात काहींच्या लहान मेंदूला इजा आढळली, आणि सप्टेंबर २००४ मध्ये अॅम्जेन कंपनीने औषध थांबवले. सिनर्जेन तोवर तिच्या ताब्यात गेली होती. ज्यांना बरे वाटत होते ते रुग्ण न्यायालयात गेले, पण औषध परत मिळाले नाही. माझे मत विचाराल तर थांबवणे शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय होते. पण ज्याच्या डोक्यात नळ्या बसवल्या त्याच्याशी तुटक बोलून मोकळे होणे समर्थनीय नव्हते.

ब्रिस्टलने हार मानली नाही. कवटीत कायमचे तोंड बसवून चार नळ्यांतून दर चार आठवड्यांनी औषध देण्याची सोय त्यांनी केली. ४१ रुग्णांच्या त्या कामाचे निकाल २०१९ मध्ये 'ब्रेन' या नियतकालिकात आले. पेट चित्रणात खरे औषध मिळालेल्यांचे प्युटामेन उजळले होते, म्हणजे तंतूंना काहीतरी झाले होते. पण चाचणीचे ठरवलेले मुख्य उत्तर पुन्हा नकारार्थी आले: नऊ महिन्यांनी दोन गटांच्या हालचालीत ठोस फरक नाही. बीबीसीने यावर माहितीपट केला. त्यातली माणसे पाहून कोणाचेही मन हलेल. आकडे मात्र हलले नाहीत.

माकडाला जे वाचवते ते माणसाला का वाचवत नाही? आज मला मुख्यतः हेच सांगायचे आहे. वाढघटकाची परीक्षा आपण नशेच्या जखमेवर घेतली आणि प्रमाणपत्र कंपवाताला लावले. विषाची जखम एकदा होते. मारा काही दिवसांत संपतो, अर्ध्यामुर्ध्या पेशी शिल्लक असतात, त्यांची जिवंत यंत्रणा वाढघटकाला प्रतिसाद देते. म्हणूनच कॅलिफोर्नियातल्या त्या रुग्णांपैकी दोघांना स्वीडनमध्ये गर्भपेशींचे रोपण केले तेव्हा १९९२ मध्ये छापलेले निकाल विलक्षण चांगले होते. कंपवात मात्र वर्षानुवर्षे आतून चालू असतो. निदानानंतर चारच वर्षांत प्युटामेनच्या वरच्या भागातले डोपामिनचे तंतू जवळजवळ संपलेले असतात, असे कॉर्डॉवर यांच्या गटाने २०१३ मध्ये शवविच्छेदनांवरून दाखवले. चाचण्यांतले बहुतेक रुग्ण त्याहून जुने. तंतूच नसेल तर वाढघटक उचलून मागे कोण नेणार? आणि स्वीडनमधल्याच प्रयोगांत आढळले की कंपवातात साचणाऱ्या अल्फा-सिन्युक्लिन प्रथिनाचा उंदरांत अतिरेक केला, तर पेशीतले रेट कमी होते आणि जीडीएनएफची हाक ऐकूच जात नाही.

'जखम एकदाच' हे माझे वाक्यही पुरते खरे नाही. एमपीटीपीच्या तीन बळींचे मेंदू विष घेतल्यानंतर ३ ते १६ वर्षांनी तपासले गेले. तिथे दाह चालूच होता आणि पेशी मरतच होत्या. विष कधीच गेले होते. म्हणजे नशेच्या जखमेतही वाढघटकासाठी वेळ असतो, पण तो अमर्याद नाही, आणि सुरुवातीचे आठवडे सर्वांत मोलाचे.

मग नशा करणाऱ्यांना वाढघटक द्यावा काय? हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. पेशी वाचणे आणि व्यसन सुटणे या वेगळ्या गोष्टी आहेत. मध्यमेंदूच्या एका भागात जीडीएनएफ वाढवले की उंदीर दारू कमी पितात. पण कोकेन सोडवलेल्या उंदरांत बीडीएनएफची एक मात्रा दिली तर ओढ उलट लांबते. ज्या पेशी नशेची चटक शिकतात त्याच पेशींना आपण बळ देत असतो. या कारणाने व्यसनमुक्तीच्या उपायांत मी आज तरी वाढघटक धरत नाही.

काम थांबलेले नाही. जीडीएनएफचे जनुक निरुपद्रवी विषाणूतून एकदाच प्युटामेनमध्ये सोडायचे, म्हणजे मेंदू स्वतःच ते तयार करत राहील, अशा जनुक-उपचाराच्या चाचण्या अमेरिकेत आणि युरोपात पुढच्या टप्प्यात गेल्या आहेत. या वेळी शस्त्रक्रिया चालू असतानाच एमआरआयमध्ये पाहून औषध नीट पसरते की नाही ते तपासले जाते. हे आधी व्हायला हवे होते. निकाल हाती येईपर्यंत मी टाळ्या वाजवणार नाही, नाकही मुरडणार नाही.

श्रोत्यांना दोन विनंत्या. घरातला तरुण मुलगा वा मुलगी एकाएकी मंदावली, ताठली, बोलेनाशी झाली, तर मनाचा आजार म्हणून दिवस घालवू नका. न्यूरॉलॉजिस्टकडे न्या आणि कोणती पूड, कोणती गोळी, कोणते इंजेक्शन घेतले ते लपवू नका. डॉक्टर पोलीस नसतो, आणि सॅन होजेच्या रुग्णांचे निदान पुडीचा माग लागला तेव्हाच झाले. दुसरी विनंती तुमच्या पैशांविषयी आहे. एनजीएफचे डोळ्यांत घालायचे थेंब बुबुळाच्या एका आजारासाठी अमेरिकेत २०१८ पासून मंजूर आहेत. पण डोपामिनच्या पेशी वाचवण्यासाठी वाढघटकाचे एकही मंजूर औषध आज जगात कुठेच नाही. कोणी 'नर्व्ह ग्रोथ'च्या नावाने कंपवातावर इंजेक्शन देऊ करत असेल, कितीही मोठे फलक लावलेले असोत, ते घेऊ नका.